कानाला पडलेलं भोक

दागिना मोडता येतो, गहाण टाकता येतो, सुनेच्या अंगावर घालता येतो, प्रवासात हरवतो. कानाचं भोक यांतलं काहीच होऊ देत नाही. एकदा ते पक्कं झालं की माणसाबरोबर सरणापर्यंत जातं. कानातल्यांविषयी लिहायला बसलं की आपल्याकडे कुड्या, झुबे, वेल, बुगड्या यांच्या घडणीचं वर्णन सुरू होतं. ते सुंदर असतंच. पण मला त्या दागिन्यांपेक्षा ते अडकवण्यासाठी पाडलेलं भोक जास्त बोलकं वाटतं. ते कोणी पाडलं, कोणत्या वयात पाडलं, पाळीला पाडलं की वरच्या कूर्चेला, एकाच कानाला की दोन्हींना, याला आपल्या समाजात शतकानुशतकं अर्थ आहे.

या भोकाची सगळ्यांत ठळक साक्ष अजिंठ्याला मिळते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी रत्नजडित मुकुट घालून, मोत्यांच्या माळा लेवून उभा आहे. त्याच लेण्यातल्या बुद्धमूर्तीच्या अंगावर मात्र चीवराखेरीज काही नाही. तरीही बुद्धाचे कान बघावेत. पाळ्या खांद्यांकडे लोंबलेल्या, आणि त्यांत लांबट, रिकामी चीर. लांब कान हे महापुरुषाचं लक्षण, असं परंपरा सांगते. पण बऱ्याच कला-अभ्यासकांचं म्हणणं असं की, हे राजपुत्र सिद्धार्थाचे कान आहेत. लहानपणापासून वागवलेल्या जड कुंडलांनी ओघळलेले. गांधार शैलीतला बोधिसत्त्व मैत्रेय कानात भरघोस कुंडलं घालून असतो आणि शेजारचा बुद्ध मोकळ्या कानांचा, हे पाहिलं की ते म्हणणं पटतं. राज्य सोडलं, केस कापले, वस्त्रं दिली, पण कान पूर्ववत करता आले नाहीत. ती कुंडलं केवढी जड असतील, याचा अंदाज घ्यायचा तर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरच्या दंपतींकडे पाहावं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांच्या कानांतली वजनं बघूनच आपला हात स्वतःच्या कानाकडे जातो.

ही हौस फक्त आपलीच नव्हे. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या कानाच्या पाळ्याही टोचून रुंद केलेल्या होत्या. पण आपण आपल्या घराकडे येऊ.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत बाळाचे कान बाराव्या दिवशी, बारशाच्या गडबडीतच टोचतात. कुठे सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत थांबतात. ठरलेला माणूस एकच, सोनार. तो घरी यायचा. सोन्याची बारीक तार, एक टोक घासून अणकुचीदार केलेलं. बाळ आजीच्या नाहीतर आईच्या मांडीवर. सोनार पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडे करी, जागा हेरी, आणि बाळाला कळायच्या आत तार आरपार गेलेली असे. तीच तार वळवली की बाळी तयार. सुई वेगळी आणि दागिना वेगळा ही भानगडच नाही. वर खोबरेल तेल आणि हळद. सोनाराला शिधा, नारळ, दक्षिणा. कान सोनारानेच टोचावेत, ही म्हण सल्ला देण्याच्या अधिकाराबद्दल वापरली जात असली तरी तिच्या मुळाशी रोखठोक व्यवहार आहे: हे काम ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेच करावं.

शुद्ध सोनं शरीराशी फारशी कुरबूर करत नाही. ते गंजत नाही, घामाने झिजत नाही, ओल्या जखमेत राहिलं तरी खाज-पुरळ उठवत नाही. स्वस्त कानातल्यांतल्या निकेलचं तसं नाही. ते घामात उतरतं, आणि एकदा अंगाला निकेल सोसेनासं झालं की ते बहुधा जन्मभर सोसत नाही. गरिबाघरीसुद्धा पोराच्या कानात गुंजभर तरी सोनं असावं, या आग्रहात प्रतिष्ठेचा भाग होताच, पण अनुभवाचाही होता.

संस्कारांच्या यादीत कर्णवेध तसा उशिरा आला. जुन्या गृह्यसूत्रांत बहुतेक ठिकाणी तो सापडत नाही. नंतरच्या ग्रंथांनी त्याला सोळा संस्कारांत बसवलं. म्हणजे लोक कान आधीपासून टोचतच होते, शास्त्राने त्यावर मोहोर नंतर उमटवली, असं म्हणायला जागा आहे. हा संस्कार मुलाचं घराशी नातं पक्कं करतो. या दृष्टीने महाभारतातला कर्ण मला फार चटका लावून जातो. तो कुंडलांसह जन्मला. त्याचे कान कोणी टोचलेच नाहीत, कोणी त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवलं नाही. कान भरलेले आणि मांडी हिरावलेली, अशी त्याची सुरुवात.

वैद्यकाकडे वळलं तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय जवळजवळ पूर्ण कानालाच वाहिलेला आहे. बाळाचे कान दोन कारणांसाठी टोचावेत, रक्षणासाठी आणि भूषणासाठी, असं तो सुरुवातीलाच सांगतो. पुढचं वर्णन वाचताना हे कोणी पुष्कळ कान टोचलेल्या माणसाने लिहिलं आहे, हे लगेच कळतं. सहावा किंवा सातवा महिना, शुक्लपक्ष. मूल मांडीवर, हातात खेळणी देऊन रमवलेलं. वैद्याने डाव्या हाताने कान ओढावा, सूर्याच्या उजेडात पाळीत जिथून प्रकाश आरपार दिसतो ती निसर्गानेच नेमून दिलेली जागा शोधावी, आणि उजव्या हाताने सरळ टोचावं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. भोकात कापसाची वात घालावी, तेल सोडावं, आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालून भोक वाढवत न्यावं. रक्त फार आलं, वेदना फार झाल्या, तर समजावं की जागा चुकली. जागा चुकल्यावर ज्या शिरा दुखावतात त्यांची नावंसुद्धा दिली आहेत: कालिका, मर्मरिका, लोहितिका.

उजेडात पाळी धरण्याची ही युक्ती आणि आपल्या सोनाराची युक्ती एकच. कोणी कोणाकडून घेतली हे शोधण्यात अर्थ नाही. बोटांना जे कळतं ते पोथीत आणि पेढीत सारखंच उतरतं.

‘रक्षण’ या शब्दावर मात्र पुढे फार मोठे इमले उभे राहिले. सुश्रुतसंहितेतच दुसऱ्या ठिकाणी, चिकित्सास्थानात, आंत्रवृद्धीवर, म्हणजे हर्नियावर, कानाजवळ शीर टोचण्याचा उपाय सांगितला आहे. त्यावरून मुलग्याचे कान टोचले की अंडवृद्धी होत नाही, ही समजूत आजही ऐकू येते. अलीकडे तिच्या जोडीला बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते, मासिक पाळी नियमित येते असे दावे मोबाइलवर फिरतात आणि त्यांना ‘अॅक्युपंक्चरचे बिंदू’ असा आधार जोडलेला असतो. कानाचा तो प्रसिद्ध नकाशा, ज्यात कान म्हणजे उलटं झोपलेलं बाळ कल्पिलं आहे, पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरने १९५०च्या दशकात मांडला. आपल्या आज्यांनी तो पाहिलेला नव्हता. कान टोचून हर्निया टळतो किंवा बुद्धी वाढते याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. आणि तो नसल्याने परंपरेचं काही बिघडतही नाही. जुन्या माणसांना रक्षण हवं होतं ते दृष्टीपासून, सटवीपासून, मूल दगावण्याच्या भीतीपासून. ज्या घरात पाच मुलं जन्मून दोन जगत, तिथे ती भीती खरी होती. अशा घरात नवसाच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, भिकू, केरबा ठेवत, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे काही नेण्याजोगं नाही. दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या सोन्याची बाळी त्याच्या कानात घालत, असंही सांगितलं जातं. कानाला भोक पाडून मूल थोडं उणं करून ठेवायचं, हीही त्यातलीच समजूत. निर्दोष वस्तूला दृष्ट लागते.

सोळाव्या अध्यायाचा उत्तरार्ध मात्र जगाच्या इतिहासात गेला. जाड वाती, जड कुंडलं. मग पाळ्या फाटणार हे ठरलेलंच. सुश्रुत फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या पंधरा रीती सांगतो. पाळी दोन्हीकडे सारखी फाटली असेल तर एक, एक भाग लांब आणि दुसरा आखूड उरला असेल तर दुसरी. पाळीच उरली नसेल तर गालाचं मांस, एका बाजूने जोडलेलंच ठेवून, सोलून घ्यावं आणि त्याची नवी पाळी करावी. त्वचेचा तुकडा मूळ जागेपासून पूर्ण तोडायचा नाही, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा चालू राहतो आणि तो नव्या जागी जगतो, हे तत्त्व इथे आहे. आणि लगेच त्याच अध्यायाच्या शेवटी, तेच तत्त्व वापरून कापलेलं नाक कसं करावं ते येतं.

याचा धागा पुण्यापर्यंत येतो. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठी बैलगाडीवान कैद झाला, आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, कुंभार किंवा वीटभट्टीवाल्यांपैकी असलेल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचं सचित्र वर्णन छापलं गेलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीला नवी चालना मिळाली. त्या कारागिराने संस्कृत पोथी वाचली नसणार. त्याच्या घराण्यात हात चालत आला होता. पण पोथीत नाकाच्या आधी कान आहे, हे विसरू नये. फाटक्या पाळ्या शिवता शिवता माणसं चेहरा दुरुस्त करायला शिकली असावीत, असं मला तरी वाटतं.

पाळी फाटू नये म्हणून बायकांनी काढलेली तोड जास्त साधी होती. वेल, म्हणजे कुडीपासून निघून कानावरून केसांत अडकणारी मोत्यांची किंवा सोन्याची साखळी. ती दिसते शोभेची. करते ती वजन उचलण्याचं काम. झुब्याचा भार पाळीवरून निघून केसांवर जातो. लग्नात तासन्‌तास बसलेल्या नवरीला वेलाचं मोल विचारावं.

कानाच्या पाळीत कूर्चा नसते. नुसती त्वचा आणि चरबी, त्यामुळे तिथली जखम सहा ते आठ आठवड्यांत जुळून येते. वरचा कान कूर्चेचा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत; वरच्या पातळ आवरणातून मिळेल तेवढ्यावर ती जगते. तिथे जंतुसंसर्ग झाला की औषध पोचायला वेळ लागतो, आणि कूर्चा विरघळली तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. बुगडीची जागा नेमकी ही. वरच्या कडेला बुगडी घालणाऱ्या बायका आज कमी झाल्या, तरी ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातल्या लावणीने तो दागिना घरोघरी पोचवला. हरवलेल्या बुगडीवर गाणं रचावं हेही योग्यच, कारण ती जागा मिळवायला दुखणं जास्त सोसावं लागे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या जुन्या म्हाताऱ्यांच्या कानांवर तीन-तीन, चार-चार भोकं दिसत. त्यांतली सगळी भरलेली क्वचितच असत. दुष्काळ, मुलीचं लग्न, सावकार यांनी दागिने नेले; भोकं हिशेबाला उरली. केशवपन केलेल्या विधवांचे जुने फोटो पाहिले तर तिथेही रिकाम्या पाळ्या आहेत. कुंकू पुसता आलं, बांगड्या फोडता आल्या. कान तेवढे एके काळी ती सवाष्ण होती हे सांगत राहिले.

कूर्चेचंच दुखणं मुद्दाम पत्करणारे म्हणजे कानफाटे नाथ. इथे गुरू दुधारी सुरीने दोन्ही कानांच्या मधल्या खोलगट भागाला चीर देतो. जखमेत कडुनिंबाच्या काड्या ठेवतात, आणि ती भरून आल्यावर जाड मुद्रा घालतात: शिंगाची, काचेची, लाकडाची, अकीकाची. चीर न घेतलेला तो औघड, घेतलेला तो दर्शनी. ब्रिग्ज या अभ्यासकाने १९३८ साली गोरखनाथ आणि कानफाट्या योग्यांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या दीक्षेचं तपशिलाने वर्णन केलं आहे. मुद्रा ओढली जाऊन कान फाटला तर योग्याचं पंथातलं स्थानच जाई. बाळाचे कान टोचून घर त्याला आपलं करतं. इथे कान चिरून माणूस घरापासून तुटतो. अवयव तोच, अर्थ उलटा. त्र्यंबकेश्वरी दर बारा वर्षांनी कुंभमेळ्यात जमणाऱ्या आणि तिथून पायी मंगळूरच्या कद्री मठाकडे निघणाऱ्या नाथांच्या झुंडीत हे कान आजही पाहायला मिळतात. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी याच नाथांतून येते. पण वारकऱ्यांनी चीर घेतली नाही, गळ्यात तुळशीची माळ घेतली. कुंडलं त्यांनी विठोबाच्याच कानी ठेवली, माशांच्या आकाराची.

भोक म्हणजे कोणाचं तरी असणं, हा अर्थ सत्तेलाही कळला होता. बायबलमधल्या ‘निर्गम’ ग्रंथात, सुटकेची वेळ आली तरी मालकाकडेच राहू इच्छिणाऱ्या दासाचा कान दाराच्या चौकटीशी नेऊन आरीने टोचावा, असा नियम आहे. फारसीत कानात कडी घातलेला म्हणजे आज्ञाधारक गुलाम. आणि १६१४ साली अजमेरात आजारातून उठलेल्या जहांगीर बादशहाने ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचा गुलाम म्हणून स्वतःचे कान टोचून मोती घातले. आपल्या आत्मचरित्रात त्याने ते मोकळेपणाने लिहिलं आहे. बादशहाचे कान टोचलेले पाहिल्यावर दरबारी सरदारांची सोनाराकडे रीघ लागली, हे काही नवल नव्हे. गुलामीची खूण दरबारी थाटात बदलायला थोडेच दिवस पुरले.

मराठ्यांकडे पुरुषाचा कान मोकळा नव्हताच. सरदारांचा मोत्यांचा चौकडा हा मानाच्या वस्त्र-अलंकारांत मोडे. पेशवाईत उजव्या कानाच्या वरच्या भागात भिकबाळी: सोन्याची तार, दोन टपोरे मोती, मध्ये लाल किंवा हिरवा खडा. धनगर आणि कुणबी म्हाताऱ्यांच्या कानांत सोन्याच्या बाळ्या अगदी काल-परवापर्यंत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या पुरुषांनी कानातलं हळूहळू उतरवलं. कोट आणि टोपीबरोबर ते बायकी वाटू लागलं. गंमत अशी की, पुढे एखाद्या मुलाने कॉलेजात असताना एका कानात खडा घातला तेव्हा ‘हे काय बायकी थेर’ म्हणून ओरडणाऱ्या वडिलांच्या आजोबांचा कान टोचलेलाच असायचा. आता वारं पुन्हा फिरलं आहे. ढोल-ताशा पथकांत आणि लग्नाच्या फेट्याखाली भिकबाळी परत आली, ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) नंतर तर जोरात. मात्र यांतल्या बहुतेक प्रेसच्या असतात. चिमटा लावायचा, मिरवणूक संपली की काढायचा. मला त्यात वावगं काही वाटत नाही, पण ही भिकबाळी वेगळी वस्तू आहे, एवढं खरं. जिच्यामागे भोक नाही ती वेशभूषा झाली.

उलट दिशेने चाललेल्या मुलीही आहेत. आजीच्या बुगडीच्याच जागी त्या बारीक रिंग घालतात, आजीला न विचारता, स्वतःच्या पैशाने. नाव इंग्रजी घेतात, जागा तीच. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की कूर्चेला बंदूक लावून घेऊ नये. दुकानातली ती स्प्रिंगची बंदूक बोथट खडा जोराने दाबून घुसवते, कूर्चेला हादरा बसतो, आणि प्लास्टिकची बंदूक उकळून किंवा वाफेवर पुरेशी निर्जंतुकही करता येत नाही. पोकळ, धारदार, एकदाच वापरायची सुई बरी. वरचा कान पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. अंगावर जखमांचे वण गाठीसारखे वाढण्याची प्रवृत्ती घरात असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं.

बाळांच्या बाबतीत आता घरोघरी नवीच बोलणी चालतात. आईवडील म्हणतात, मोठी झाली की तिला विचारू. आजी म्हणते, मोठी झाली की दुखतं जास्त आणि हात लावू देत नाही. दोघांचंही बरोबर आहे. बालरोगतज्ज्ञ बहुधा धनुर्वाताची लस मिळेपर्यंत थांबा म्हणतात, आणि त्यांच्यापैकी काहीजण दवाखान्यातच कान टोचून देतात. सोन्याची तार मात्र घरून न्यावी लागते. ती करून द्यायला सोनार अजून लागतोच, आणि चांगला सोनार ती देताना तिचं टोक बोटावर तपासून पाहतो.